वन्यजीव-संवर्धनाचे अनुदान : वाटा कोणाचा?

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात धान निसवून लोंबीत दाणा भरू लागला, की जंगलालगतच्या शेतकऱ्याची झोप संपते. बांधीच्या कडेला चार बल्ल्यांचे मचाण उभे राहते, त्यावर तणसाचे अंथरूण पडते, आणि रिकामा डबा वाजवीत, मधूनच हाळी देत रात्र काढावी लागते. जागल करून तो पहाटे घरी परततो, त्या वेळी त्याच रस्त्याने पर्यटकांच्या उघड्या मोटारगाड्या व्याघ्र प्रकल्पाच्या फाटकाकडे जात असतात. पर्यटक एक पहाट जागतो, तीही हौसेने. शेतकरी पीक घरी येईपर्यंत जागतो, तो निरुपायाने. दोघांचीही जाग एकाच जंगलापायी असते.

वन्यप्राण्यांचे रक्षण व्हावे की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. ते झालेच पाहिजे. त्यासाठी शासन दरवर्षी मोठी रक्कम खर्च करते, हेही योग्यच आहे. विचार करावयाचा तो इतकाच, की ह्या सार्वजनिक धनातील वाटा कोणाला आणि कोणत्या रीतीने मिळावा, आणि ज्या वनाच्या रक्षणाचा भार खेड्यावर पडतो, त्या वनातील आनंदाचा लाभ खेड्याला किती मिळावा. प्रस्तुत लेखातील मते माझी स्वतःची आहेत. मात्र ती कचेरीत बसून बनलेली नाहीत. पंचनाम्याच्या निमित्ताने धुऱ्याधुऱ्याने हिंडताना बनलेली आहेत.

यशाची दुसरी बाजू

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. ते १९५५ साली घोषित झाले. त्याला लागून असलेले अंधारी अभयारण्य १९८६ साली अस्तित्वात आले आणि पुढे १९९५ साली दोहोंचा मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर असून त्याभोवतीचे बफर क्षेत्र सुमारे १,१०० चौरस किलोमीटर आहे. ह्याचा अर्थ असा, की वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या भागाच्या जवळजवळ पावणेदोनपट क्षेत्र असे आहे, की जेथे गावे, गुरे, शेती आणि वाघ एकत्र नांदतात.

वाघांची संख्या वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. अखिल भारतीय व्याघ्रगणनेनुसार महाराष्ट्रात २००६ साली १०३ वाघ असावेत असा अंदाज होता. २०२२ च्या गणनेत तो ४४४ वर गेला. वाघ वाढतो तेव्हा त्याचे भक्ष्यही वाढलेले असते. चितळ, रोही आणि रानडुक्कर हे प्राणी जंगलाची हद्द जाणत नाहीत. त्यांना धानाची बांधी, सोयाबीनचे शेत आणि हरभऱ्याचा वाफा ही उत्तम कुरणेच वाटतात. वनविभागाच्या दृष्टीने जे यश, त्याचीच दुसरी बाजू कृषिविभागाच्या पंचनाम्यांत उतरते.

कृषी महाविद्यालयात आम्हांला किडींवर आणि रोगांवर ग्रंथच्या ग्रंथ शिकविले गेले. पिकांना उपद्रव देणाऱ्या वन्यप्राण्यांची बोळवण मात्र थोडक्यात झाली. नोकरीत आल्यावर माझ्या ध्यानात आले, की जंगलालगतच्या शेतकऱ्याला खोडकिड्याचे भय एका रात्रीच्या रानडुकरांच्या कळपाइतके वाटत नाही. खोडकिड्यावर उपाय करता येतो. कळप येऊन गेल्यावर करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

पैसा कोठून येतो?

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली. तिचा खर्च आज केंद्र आणि राज्य मिळून सोसतात. त्याखेरीज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २००६ साली जी दुरुस्ती झाली, तिने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद केली. प्रवेशशुल्कासारखी जमा होणारी रक्कम पुन्हा त्याच परिसरात वापरावी, तीतून स्थानिक लोकांचा विकास साधावा आणि निसर्गपर्यटनात त्यांचा सहभाग असावा, असा त्या तरतुदीचा आशय आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू करून बफर गावांत स्वयंपाकाचा गॅस, उपजीविकेची साधने आणि पिकांचे संरक्षण यांसाठी निधी दिला. गावोगावी ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या स्थापन झाल्या. ताडोबाच्या परिसरातील अनेक तरुण, आणि विशेष म्हणजे अनेक स्त्रिया, आज पर्यटकांच्या मार्गदर्शक म्हणून काम करीत आहेत.

तात्पर्य, निधीच नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. तो कमी आहे असे म्हणता येईल. परंतु जो आहे तो कोणत्या वाटेने जातो, ह्याचा विचार आधी केला पाहिजे.

एका गावचा अनुभव

काही वर्षांपूर्वी बफर क्षेत्रातील एका गावी सौर कुंपणासाठी अनुदान आले. ते वैयक्तिक होते. अर्जासोबत सातबारा उतारा हवा होता. खर्चाचा काही भाग शेतकऱ्याने स्वतः घालावयाचा होता. नऊ जणांनी ती पूर्तता केली आणि नऊ कुंपणे उभी राहिली. त्या कामाची शिफारस मीच केली होती. त्या हंगामात नऊही शेतांतील पीक वाचले, आणि मी समाधानाने तसा अहवाल पाठविला.

पुढल्या वर्षी त्याच गावातून नुकसानीचे अर्ज आले, ते मात्र निराळ्या शिवारातून. नाल्याच्या काठी एक-दोन एकरांचे तुकडे असलेली ती वस्ती. पूर्वी तेथे नुकसान होत नव्हते असे नाही. पण एवढे कधी झाले नव्हते. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा एका वृद्ध विधवेने मला आडव्या पडलेल्या धानाच्या कडेने चालवीत नेले आणि वरच्या अंगाला दिसणाऱ्या कुंपणाकडे बोट दाखविले. तिने तक्रार केली नाही. साहेब, डुकरं तिकडून वळली, ती इकडंच येणार ना, एवढेच ती म्हणाली. तिच्या नावे सातबारा नव्हता. तो अजून दिवंगत सासऱ्याच्या नावे होता. तिच्या शेजारचा शेतकरी जमीन बटईने करीत होता. त्यापलीकडच्याजवळ जमीन होती, कागदही होते, पण स्वतःचा हिस्सा भरण्यास रोख रक्कम नव्हती.

मी त्या दिवशी विचारात पडलो. अनुदान खर्च झाले होते, उद्दिष्ट पूर्ण झाले होते, अहवालही खोटा नव्हता. आणि तरी नुकसान थांबण्याऐवजी धुरा ओलांडून शेजाऱ्याकडे गेले होते. ज्याच्याजवळ थोडे होते, त्याचे वाचले. ज्याच्याजवळ काहीच नव्हते, त्याच्या शेतात कळप वळविला गेला. ह्यात त्या नऊ शेतकऱ्यांचा दोष नाही. त्यांनी आपले पीक राखले, हे त्यांचे कर्तव्यच होते. दोष होता तो मदतीचे एकक ठरविण्यात. आम्ही खातेदार हा घटक धरला. रानडुक्कर मात्र शिवार हा घटक धरते.

गणित काय सांगते?

शेतकरी बंधु-भगिनींनी एक साधे गणित करून पाहावे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. ते शेत चौरस आहे असे धरले, तर त्याची एक बाजू सुमारे ६३.६ मीटर आणि घेर सुमारे २५४ मीटर होतो. असे पंचवीस शेतकरी आपापल्या एकराभोवती वेगवेगळे कुंपण करू लागले, तर एकंदर ६,३६० मीटर कुंपण लागेल. तेच पंचवीस एकर एकत्र धरून एकच कुंपण केले, तर बाजू ३१८ मीटर आणि घेर १,२७२ मीटर; म्हणजे नेमका पाचवा हिस्सा. खांब, तार आणि मजुरी त्याच मानाने कमी. पंचवीस बॅटऱ्या आणि पंचवीस झटकायंत्रांऐवजी योग्य क्षमतेची थोडकी यंत्रे पुरतात.

प्रत्यक्षात शिवार चौरस नसते, हे खरे. नाले, पांदण, बांध यांमुळे वळणे येतात. तरीही एकत्र कुंपण स्वस्त पडते, हा निष्कर्ष बदलत नाही. आणि जमिनीचा तुकडा जितका लहान, तितका एकत्र येण्यातील लाभ मोठा. लहान शेतकऱ्याला वैयक्तिक अनुदान सर्वांत कमी उपयोगी आणि सामूहिक अनुदान सर्वांत अधिक उपयोगी, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

ह्या ठिकाणी दोन इशारे देणे अवश्य आहे. पहिला असा, की सौर कुंपणातील झटका अल्पकाळ टिकणारा व ठरावीक अंतराने येणारा असतो; त्याने प्राणी दचकतो, मरत नाही. घरच्या वीजवाहिनीवरून सरळ प्रवाह तारेत सोडणे ही निराळीच गोष्ट आहे. त्याने वाघ मरतो, बैल मरतो आणि पहाटे पाणी पाहावयास गेलेला शेजारीही मरतो. तो गुन्हा आहेच, शिवाय ते पापही आहे. दुसरा इशारा असा, की सामूहिक कुंपण शेतांभोवती असावे; एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याची प्राण्यांची जी वहिवाटीची वाट आहे, ती त्याने बंद होता कामा नये. वाट बंद केली, तर प्राणी ती गावातून काढतात. म्हणून कुंपणाची आखणी करताना वनरक्षक आणि गावातील जाणती मंडळी ह्या दोघांनाही बरोबर घ्यावे.

सामूहिक काम टिकेल काय?

ह्या सूचनेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. सामूहिक वस्तू ही कोणाचीच नसते. तारेला टेकलेले गवत कोणी कापावयाचे, उतरलेल्या बॅटरीत पाणी कोणी घालावयाचे, ह्यावरून भांडणे होतात आणि दोन वर्षांत कुंपण निकामी होते, असे म्हटले जाते. तसे झालेले मीही पाहिले आहे.

परंतु आपल्या भागाला सामूहिक व्यवस्था नवी नाही. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव हे त्याचे मोठे उदाहरण होय. पाळ राखणे, तलावाचे पाणी सोडणे, बांध्यांना ते पाळीपाळीने देणे ही कामे गाव आपल्या शिस्तीने करी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे आले. जमीनदारी गेली हे इष्टच झाले. पण तिच्याबरोबर देखभालीची जुनी शिस्तही ढिली पडली आणि कितीएक तलाव गाळाने भरले. शासनाने वस्तू हाती घेतली म्हणजे ती आपोआप राखली जाते असे नाही, आणि लोकांना सामूहिक काम जमत नाही असेही नाही, हे दोन्ही धडे ह्या एका इतिहासात आहेत.

म्हणून अनुदानाची रचना करताना केवळ खांब-तारेचा खर्च धरून भागणार नाही. कुंपणाची रोज पाहणी करणाऱ्या एका माणसाचे मानधन त्यात पहिली काही वर्षे तरी असले पाहिजे. तो माणूस गावानेच नेमावा, त्याने रोज फेरी मारावी, गवत कापावे, गळती शोधावी आणि ग्रामसभेला हिशेब द्यावा. ज्यांच्याजवळ रोख हिस्सा नाही, त्यांचा हिस्सा खड्डे खणण्याच्या व खांब रोवण्याच्या श्रमाच्या रूपाने स्वीकारावा. बटईदार, वारसनोंद न झालेल्या विधवा आणि वनहक्काचे पट्टे मिळालेले आदिवासी कुटुंब ह्यांचे शेत शिवारात आहे, एवढा ग्रामसभेचा दाखला पुरेसा मानावा. कुंपण जमिनीच्या मालकीचे रक्षण करीत नाही. उभ्या पिकाचे करते.

जंगल पाहण्याचा हक्क

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. कोणी म्हणेल, की जेथे पिकाची चिंता, तेथे जंगलातील सहलीची गोष्ट कशाला? मला तसे वाटत नाही. ताडोबा हे नावच मुळी गोंड समाजाच्या तारू ह्या दैवतावरून पडले, अशी परंपरा आहे. तारू हा गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झालेल्या झुंजीत तो कामास आला, अशी कथा सांगतात. तलावाच्या काठी त्याचे स्थान आहे आणि पौष महिन्यात तेथे जत्रा भरण्याची रीत होती. जंगलात जाणे, देवाला भेटणे, तलावाकाठी एक दिवस आनंदात घालविणे ही गोष्ट येथील माणसाला शहरातील पर्यटकाने शिकविलेली नाही.

आज त्याच तलावाचे दर्शन घ्यावयाचे, तर आगाऊ आरक्षण, वाहनाचे भाडे, प्रवेशशुल्क आणि मार्गदर्शकाचे मानधन मिळून काही हजार रुपये लागतात. हे शुल्क गैर आहे असे मी म्हणत नाही. त्यातूनच रक्षणाचा आणि रोजगाराचा खर्च निघतो, आणि वाहनांवर मर्यादा हवीच. परंतु मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या फाटकापासून चार-पाच मैलांवर राहणाऱ्या मजुराच्या मुलाला वाघ दिसावा तो केवळ गुरे चारताना, भीतीने थिजून, आणि दूरच्या शहरातील मुलाला दिसावा तो आनंदाने, सुरक्षित वाहनातून, ही विषमता बरी नव्हे. ज्याने प्राणी केवळ शत्रू म्हणून पाहिला, त्याच्याकडून मोठेपणी संवर्धनाची अपेक्षा कशी करावी?

ताडोबाच्या प्रशासनाने ‘चला माझ्या ताडोबाला’ ह्या नावाने बफर गावांतील शाळकरी मुलांना जंगल दाखविण्याचा उपक्रम चालविला, तो सर्वथा स्तुत्य आहे. माझी सूचना एवढीच, की अशा उपक्रमाला कृपेचे नव्हे, हक्काचे रूप यावे. दर फेरीतील वाहनांपैकी काही वाहने बफर गावांसाठी नियमाने राखून ठेवावीत, त्यांचा खर्च प्रवेशशुल्कातून भागवावा, आणि त्यांत मुलांप्रमाणेच त्यांच्या आई-वडिलांनाही जागा असावी. मंगळवारी प्रकल्प पर्यटनास बंद असतो, तो दिवस गावकऱ्यांना द्यावा असे कोणी सुचवील. मला ते मान्य नाही. जंगलाला विश्रांती हवी आणि गावकऱ्याला उरलेला दिवस नको. त्याला सर्वांच्या बरोबरीचा दिवस मिळाला पाहिजे.

शेजाऱ्याचे उदाहरण

नेपाळने १९९३ साली आपल्या राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यात दुरुस्ती करून असे ठरविले, की उद्यानाच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के रक्कम भोवतालच्या मध्यवर्ती क्षेत्रातील लोकांच्या विकासासाठी खर्च व्हावी. ती रक्कम तेथील उपभोक्त्यांच्या समित्यांमार्फत वापरली जाते. चितवनसारख्या ठिकाणी ह्या तरतुदीचा लाभ गावांना झाला आहे. तेथे सर्व काही आदर्श आहे असे नव्हे. नुकसान तेथेही होते. पण गावाचा वाटा कायद्याने ठरलेला असणे आणि तो दरवर्षी कोणाच्या तरी मर्जीने ठरणे ह्यांत फार अंतर आहे. आपल्या अधिनियमात प्रवेशशुल्क स्थानिक विकासाकडे वळविण्याचा हेतू आहे; किती वळवावे, त्याचे प्रमाण मात्र दिलेले नाही. ते प्रमाण निश्चित व्हावे.

आपण काय करावे?

शासनाने काय करावे हे सांगणे सोपे असते. म्हणून शेवटी आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयी लिहितो.

शेतकरी बंधु-भगिनींनी पिकाचे नुकसान होताच तीन दिवसांच्या आत वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात लेखी कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसे ठेवावे. वारसनोंदी राहिल्या असतील, तर त्या उन्हाळ्यातच पूर्ण करून घ्याव्यात. कुंपणाची मागणी एकेकट्याने न करता शिवारातील सर्वांनी मिळून, ग्रामसभेच्या ठरावासह करावी, आणि त्या ठरावात सर्वांत लहान तुकड्याच्या धन्याचे नाव पहिले असावे.

आम्ही विस्तार-कर्मचाऱ्यांनीही आपली मोजपट्टी बदलली पाहिजे. पंचनाम्यात आम्ही पडलेले धान मोजतो. जागून काढलेल्या रात्री त्यात येत नाहीत. भीतीने पेरलाच नाही तो हरभराही येत नाही. किती कुंपणे झाली, हा आकडा आम्ही वर पाठवितो. त्याबरोबर, कुंपणाबाहेर कोण राहिले, हाही रकाना आम्ही भरू लागलो, तर पुढील अनुदानाची वाट आपोआप सरळ होईल.

त्या नाल्याकाठच्या शिवारासाठी सामूहिक कुंपणाचा प्रस्ताव मी ग्रामसभेच्या ठरावानिशी पाठविला आहे. त्यात सतरा कुटुंबे आहेत. वरच्या अंगाच्या नऊ शेतकऱ्यांपैकी सहांनी आपली कुंपणे त्याला जोडून देण्याचे मान्य केले आहे. उरलेल्या तिघांशी बोलणे चालू आहे.